दोन गुंठे की वन बीएचके : पहिल्या गुंतवणुकीचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२४ च्या सुरुवातीचं, पुण्यातलं. मी वकील आहे. जमिनीचे आणि फ्लॅटचे सर्च काढणं, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी शोधणं, आणि खरेदीखतं तपासणं हे माझं रोजचं काम. हेच प्रकरण लिहायला घेतलं, कारण यात कोणी देशोधडीला लागलं नाही, कोर्टात दावा गेला नाही. दोन नोकरदार, जपून खर्च करणारी माणसं पहिल्यांदा मालमत्तेत पैसे घालायला निघाली, आणि वाटेत जे जे लागलं ते सगळं कागदावर सापडत गेलं. नवशिक्यांच्या बाबतीत एरवी हे व्यवहार झाल्यावर कळतं. इथे आधी कळलं. दोघांच्या संमतीने लिहिते आहे; ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

नवरा कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतात, बायको खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. ऑफिसात आम्ही त्यांना सर आणि सिस्टर म्हणायचो, इथेही तेच म्हणते. राहत्या घराचं कर्ज फिटलेलं, मुलगा नववीत. चौदा लाख रुपये साठलेले, बहुतेक मुदत ठेवीत आणि थोडे पोस्टात. घराचा हप्ता संपल्यापासून महिन्याला वीस-बावीस हजार मोकळे राहू लागले होते. सरांच्या एका सहकाऱ्याने चार वर्षांपूर्वी शहराबाहेर दोन गुंठे घेतले होते आणि "आता दुप्पट झालेत" असं तो स्टाफरूममध्ये सांगायचा. त्याने ते विकले नव्हते. म्हणजे दुप्पट हा आकडा कुठल्याही व्यवहारातून आलेला नव्हता, शेजारच्या प्लॉटसाठी एजंट आता किती मागतो त्यावरून काढलेला होता.

पहिल्याच भेटीत सरांनी विचारलं, "मॅडम, पाच वर्षांत किती होतील?"

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण सगळ्यात आधी विचारतो. याचं उत्तर मी देऊ शकत नाही, एजंटही देऊ शकत नाही, तो फक्त देतो. उलट, "पैसे दिल्यावर माझ्या नावावर नेमकं काय होणार, आणि ते मला बांधता, गहाण ठेवता, विकता येईल का?" या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन आठवडे कागद चाळले की मिळतं. नव्याने गुंतवणूक करणाऱ्याची सगळी ताकद पहिल्या प्रश्नावर खर्च होते. दुसऱ्यावर मन लावून बसणारे फार थोडे, आणि या कामात मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती याचीच.

टोकन देऊन झालेलं होतं

माझ्याकडे येण्याआधीच सरांनी एक्कावन्न हजार रुपये टोकन म्हणून यूपीआयने पाठवले होते. पावती नव्हती, विसारपत्र (आगाऊ रकमेचा लेखी करार) नव्हतं, व्हॉट्सअॅपवर "मिळाले दादा, प्लॉट तुमचा झाला" एवढा एक संदेश होता. रविवारी गाडीने साइट दाखवायला नेलं होतं. तारेचं कुंपण, मुरूम टाकलेले रस्ते, चुन्याने आखलेले चौकोन, कमानीवर योजनेचं नाव. रिंगरोड येतोय, पुरंदरला विमानतळ येतोय, पुढच्या महिन्यात भाव वाढणार. दोन गुंठे, सव्वापाच लाख रुपये गुंठा, म्हणजे साडेदहा लाख. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, तेव्हा हातात २,१७८ चौरस फूट जागा.

"सात-बाऱ्यावर नाव लागेल, एनए प्रस्तावित आहे," असं सांगितलेलं. "प्रस्तावित" या शब्दावर मी सरांना थांबवलं. एनए म्हणजे बिगरशेती. बिगरशेतीचा आदेश निघालेला असतो किंवा नसतो. आदेशाला क्रमांक आणि तारीख असते. रेखांकनाचं, म्हणजे प्लॉट पाडण्याच्या नकाशाचंही तसंच, नियोजन प्राधिकरणाची मंजुरी असते किंवा नसते. इथे दोन्ही नव्हतं. रंगीत नकाशावर त्यांचा प्लॉट नंबर १७ होता, पण त्या नकाशावर कुठल्याही कार्यालयाचा शिक्का नव्हता.

शेतजमीन असेल तर आणखी एक मुद्दा येतो. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सरांच्या घरी जमीन नाही. एजंटने त्याचाही तोडगा काढून ठेवला होता. सिस्टरचं नाव वडिलांमागे माहेरच्या सात-बाऱ्यावर वारस म्हणून लागलेलं होतं. "मग काय, वहिनींच्या नावावर करू," असं तो म्हणाला. हा तोडगा कायद्याने बरोबरच होता. अडचण होती ती पुढे.

कागद

सात-बारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीचा काढला, पंधरा रुपयांत. एजंटने दिलेली छायाप्रत मी बाजूला ठेवते, नेहमीच. पहिला नियम एवढाच की उतारा आपण काढायचा. गावाचं नाव आणि गट नंबर माहीत असला की कोणालाही तो काढता येतो, त्यासाठी वकील लागत नाही.

क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, म्हणजे साधारण चार एकर. भूधारणा पद्धती भोगवटादार वर्ग १. ही चांगली गोष्ट. वर्ग २ असता तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरच झालं नसतं. भोगवटादार तीन : आई आणि दोन मुलगे. इतर अधिकाराच्या रकान्यात गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा पीककर्जाचा बोजा. "तो निल करून देऊ," हे एजंटचं उत्तर. देतीलही, पण मग आधी करा, पैसे त्यानंतर.

मग लागवडीयोग्य क्षेत्राचा रकाना. जिरायत (पावसावरची) १.५८, पोटखराब (लागवडीला निरुपयोगी) ०.०४, बागायत (पाण्याची सोय असलेली) कोरा. खाली गाव नमुना बारामध्ये वर्षानुवर्षं ज्वारी, बाजरी, पडीक. विहीर नाही, बोअरची नोंद नाही.

इथे थोडं थांबून सांगते, कारण सगळी योजना या एका रकान्यात अडकलेली होती. १९४७ चा तुकडेबंदी कायदा सांगतो की शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा, लहान तुकडा पाडून विकता येत नाही. लगतच्या खातेदाराला विकायचा असेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने हे क्षेत्र खाली आणलं : बागायतीला १० गुंठे, जिरायतीला २० गुंठे. म्हणून एजंट लोक गट जमवतात. इथे सात खरेदीदार मिळून ११ गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करायचं ठरलं होतं. १० च्या वर गेलं, म्हणजे झालं, असा हिशेब. पण जमीन जिरायत होती. तिला २० लागतात. म्हणजे गट जमवूनही तो तुकडाच राहत होता, आणि सरांच्या साडेदहा लाखांचं खरेदीखत तुकडेबंदीच्या विरोधात गेलं असतं.

समजा, ते वीस गुंठेच असते. तरी काय मिळालं असतं? सामाईक खरेदीखतात "प्लॉट नंबर १७" कुठेच नसतो. असतो तो अविभक्त हिस्सा. चतुःसीमा लिहिलेली असते ती सगळ्या क्षेत्राची. साइटवरचा चुन्याचा चौकोन आणि दस्तातला हिस्सा यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. वाटप करून स्वतंत्र सात-बारा मागावा तर पुन्हा तुकडेबंदी आड येते. घर बांधायला परवानगी नाही. बँक अशा हिश्श्यावर कर्ज देत नाही. याचा अर्थ आज सरांना सगळे पैसे रोख काढावे लागणार, आणि उद्या त्यांच्याकडून घेणाऱ्यालाही. ज्या वस्तूवर बँक कर्ज देत नाही तिचा गिऱ्हाईकवर्ग लहान असतो आणि विकायला वेळ लागतो. स्टाफरूममधल्या "दुप्पट"मध्ये ही गोष्ट धरलेली नव्हती.

"पण मॅडम, दस्त नोंदवून मिळतो म्हणतात," सर म्हणाले. नोंदला गेला म्हणजे विकणाऱ्याची मालकी सिद्ध झाली, असं होत नाही. दुय्यम निबंधकासमोर दस्त नोंदवला जातो, मालकीचा निवाडा तिथे होत नाही. तो आपणच करून घ्यायचा असतो.

त्यासाठी फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढल्या. सात-बारा आजचं चित्र दाखवतो, ते तसं का झालं हे फेरफारात असतं. मूळ मालक २००९ मध्ये वारले. वारस नोंदीत बायको, दोन मुलगे आणि दोन मुली अशी पाच नावं. दोन वर्षांनी दुसरा फेरफार : दोन्ही बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडला, सबब नावं कमी केली. आधार म्हणून काय, तर तलाठ्यापुढे दिलेला जबाब. नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा क्रमांक नाही. मी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर पाहिलं, कार्यालयातही शोध घेतला. असा दस्तच नव्हता.

स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो दस्त नोंदवावा लागतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला, आणि विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. जमिनीला सव्वापाच लाख रुपये गुंठा भाव आलाय हे कळल्यावर त्या बहिणी उभ्या राहिल्या असत्या तर त्यांचं म्हणणं टिकण्याची शक्यता मोठी होती. राहिल्या असत्या तर ते योग्यही होतं, असं माझं मत आहे. सिस्टर हे ऐकताना गप्प झाल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या दोघींचं आहे ते आम्ही घेत होतो?" व्यवहार करायचा नाही हे त्या दिवशी त्यांच्यापुरतं ठरलं, सरांना आणखी आठवडा लागला.

बाकीचं भरभर सांगते. एजंट मालक नव्हता. त्याच्याकडे मालकाच्या वतीने व्यवहार करायचं, नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र होतं, त्यावर तिघांपैकी फक्त थोरल्या भावाची सही. झोन दाखल्याप्रमाणे जागा शेती विभागात. दस्तात तीन लाख दाखवायचे आणि साडेसात लाख रोख द्यायचे, असा प्रस्ताव. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याचं नुकसान पुढे दिसतं : उद्या विकताना कागदावर खरेदी तीन लाखांचीच, म्हणजे जो नफा झालाच नाही त्यावरही कर. शिवाय व्यवहार फसला तर मागता येतात ते तीन लाखच.

आणि महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेत प्लॉट पाडून विकायचे तर रेरा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे प्रकल्पाची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरातसुद्धा करता येत नाही. विकणाऱ्या एजंटलाही नोंदणी लागते. इथे दोन्ही नाहीत. विचारल्यावर उत्तर आलं, "हा प्रोजेक्ट नाही, शेतजमीन आहे." कमानीवर प्लॉट आणि कागदावर शेत, अशी ती वस्तू होती.

सगळे दोष लिहून मी नोटीस पाठवली. टोकनातले चाळीस हजार तुकड्यातुकड्याने परत आले. अकरा हजार आले नाहीत. यूपीआयची नोंद होती म्हणून निदान पैसे दिल्याचा पुरावा होता. रोख दिले असते तर तोही नसता.

पुढे २०२५ मध्ये सरकारने जुने तुकडे नियमित करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती आणली, तेव्हा सर उत्साहाने फोन करून म्हणाले, "आपण घ्यायला हवे होते का?" ती सवलत आराखड्यात निवासी, वाणिज्य, औद्योगिक अशा बिगरशेती वापराला दाखवलेल्या भागांसाठी आहे. ही जागा शेती विभागात. आणि सवलत मिळाली असती तरी बहिणींचा हक्क तिने मिटला नसता.

भाडं आणि हप्ता

प्लॉट गेला, पण इच्छा होतीच. मग वन बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा विचार पुढे आला. "भाड्यात हप्ता निघेल," असं कोणीतरी सांगितलं होतं. मी एक कोरा कागद पुढे ठेवला.

चौदा लाखांतले तीन आधी बाजूला काढले, सहा महिन्यांच्या घरखर्चाचे. त्यांना हात लावायचा नाही. राहिले अकरा. बघितलेला फ्लॅट तीस लाखांचा, रिसेल. त्यावरचा खर्च : मुद्रांक शुल्क पुण्यात ७ टक्के, एकट्या स्त्रीच्या नावावर निवासी घर घेतलं तर ६, म्हणजे १ लाख ८० हजार. नोंदणी फी १ टक्का पण कमाल तीस हजार. संस्थेचं हस्तांतर शुल्क पंचवीस हजार, दलाली तीस हजार, रंग-दुरुस्ती साठ हजार. एकूण सव्वातीन लाख. बँक हे धरत नाही, तिचं कर्ज घराच्या किमतीवर. म्हणून साडेबावीस लाख कर्ज आणि पावणेअकरा लाख आपले.

तेव्हाच्या पावणेनऊ टक्के दराने वीस वर्षांचा हप्ता १९,९०० च्या आसपास. त्या भागात भाडं दहा हजार. वर्षातला एक महिना घर रिकामं धरलं तर हातात एक लाख दहा हजार. त्यातून संस्थेचा देखभाल खर्च, मालमत्ता कर, भाडेकरार नोंदवण्याचा खर्च, नळ-वायरिंगची किडूकमिडूक कामं असे एकोणचाळीस हजार गेले. उरले एक्काहत्तर हजार. एकूण गुंतलेल्या सव्वातेहतीस लाखांवर हा परतावा दोन टक्क्यांच्या जरासा वर. कर्जाचा दर पावणेनऊ.

म्हणजे दर महिन्याला पगारातून चौदा हजार घालायचे. सरांनी हा आकडा दोनदा स्वतः मांडून बघितला.

दुसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या वर्षीचं व्याज सुमारे १ लाख ९५ हजार, त्यातून निव्वळ भाडं वजा केलं तर सव्वा लाखाची तूट. आपले पावणेअकरा लाख मुदत ठेवीत राहिले असते तर सात टक्क्यांनी पंचाहत्तर हजार मिळाले असते. दोन्ही मिळून दोन लाख. तीस लाखांच्या घरावर हे झाले साडेसहा टक्क्यांहून थोडे जास्त. याचा अर्थ, घराचा भाव दर वर्षी एवढ्या टक्क्यांनी वाढला तर ही गुंतवणूक साध्या मुदत ठेवीच्या बरोबरीला येते, आणि सुरुवातीचे सव्वातीन लाख अजून भरून निघायचे बाकीच असतात. दीडपट-दुप्पटच्या गप्पांत हा आकडा कोणी काढत नाही. घर घेऊ नका असं मी म्हटलं नाही. डोळ्यांसमोर हा आकडा ठेवून घ्या, एवढंच म्हटलं.

करातून मोठी सूट मिळेल अशीही एक समजूत होती. भाड्याच्या घरावर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही भाड्यातून वजा होतं, पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. दोघंही नव्या प्रणालीत होते.

सरांनी रीट्सबद्दल, म्हणजे भाड्याच्या मोठ्या इमारतींत अनेकांचे पैसे गुंतवणाऱ्या ट्रस्टबद्दल, विचारलं. एम्बसी, माइंडस्पेस, ब्रुकफील्ड यांची कार्यालयं आणि नेक्सस सिलेक्टचे मॉल शेअर बाजारात युनिटच्या रूपाने घेता येतात, एक युनिटसुद्धा, आणि वाटपयोग्य रकमेतला किमान नव्वद टक्के भाग त्यांना वाटावाच लागतो. भाव मात्र शेअरसारखा खाली-वर होतो. हे माझं क्षेत्र नाही, तेवढं सांगून मी पुढे गेले. त्यांनी थोडे पैसे तिथे घातले.

हप्त्याची तालीम

मग सिस्टरनी एक गोष्ट सुचवली, आणि तेव्हापासून मी ती अनेकांना सांगते. घर घेतलंच आहे असं समजून एक वर्ष दर महिन्याला चौदा हजार आवर्ती ठेवीत टाकायचे. झेपतंय का ते कळेल, आणि पैसेही साठतील.

जूनमध्ये झेपलं नाही. मुलाच्या क्लासची फी आणि विम्याचा हप्ता एकाच महिन्यात आले. ऑक्टोबरमध्येही ओढाताण झाली. बँकेचा हप्ता असता तर दोन्ही वेळा राखीव तीन लाखांना हात लागला असता. यातून त्यांनी ठरवलं की कर्ज कमी घ्यायचं आणि हप्ता अठरा हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही. ही मर्यादा त्यांना स्वतःच्या संसारातून सापडली होती, कॅल्क्युलेटरमधून नाही.

२०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (बँकांना ती ज्या दराने कर्ज देते तो) फेब्रुवारीपासून उतरवत जूनमध्ये साडेपाच टक्क्यांवर आणला. तोवर राखीव तीन लाख सोडून साठा तेरा लाखांच्या वर गेला होता. तेहतीस लाख मागणारा एक फ्लॅट एकतीसला ठरला, सिस्टरच्या एकटीच्या नावावर. कर्ज एकवीस लाख, दर आठ टक्के, हप्ता साडेसतरा हजारांच्या आसपास.

या वेळी कागद आधी आणि टोकन नंतर. जाहिरातीत ६२० चौरस फूट होते. २०१२ च्या मूळ करारनाम्यात चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापराची जागा) ३८.५ चौरस मीटर, म्हणजे ४१४ चौरस फूट. पाच हजार रुपये फूट वाटणारा भाव प्रत्यक्षात साडेसात हजारांच्या घरात होता. आजूबाजूच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, काढून तुलना केली, त्यातूनच दोन लाख कमी करून घेता आले. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, होतं. मालकीची साखळी पूर्ण होती : बिल्डरकडून पहिला खरेदीदार, त्याच्याकडून २०१८ मध्ये हा विक्रेता. दोन्ही मूळ करार विक्रेत्याच्या बँकेत गहाण. नऊ लाख बाकी. म्हणून तेवढा धनादेश थेट त्या बँकेच्या कर्जखात्यावर काढला आणि मूळ कागदांची यादी बँकेकडून लेखी घेतली. हे विक्रेत्याच्या भरवशावर सोडायचं नसतं, माणूस कितीही चांगला असो.

संस्थेच्या सचिवांनी हस्तांतरासाठी पन्नास हजार मागितले, वर "विकास निधी" म्हणून. महापालिका हद्दीत हस्तांतर शुल्काची कमाल मर्यादा पंचवीस हजार आहे, आणि देणगीची सक्ती करता येत नाही. भाडेकरू ठेवणार म्हणून महिना पाचशे रुपये बिनभोगवटा शुल्कही सांगितलं होतं. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त नसतं. तिथलं सेवा शुल्क नऊशे रुपये, म्हणजे कमाल नव्वद. सर कचरत होते : "मॅडम, पहिल्याच दिवशी भांडण कशाला?" आदेशाची प्रत जोडून साधं पत्र दिलं. भांडण झालं नाही. सचिवांना तो आदेश माहीतच नव्हता, त्यांनी दुसऱ्याच महिन्यापासून सगळ्या भाड्याच्या फ्लॅटांची आकारणी दुरुस्त केली.

पहिला भाडेकरू दोन महिन्यांनी मिळाला, साडेदहा हजारांवर. लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा, नोंदणीकृत. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. पुष्कळ मालक नोटरीवर भागवतात, आणि वाद झाला की मग भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या मानल्या जाऊ शकतात.

एक त्रुटी डोळ्यांसमोर ठेवून हा फ्लॅट घेतला. संस्था २०१३ मध्ये नोंदली गेली, पण इमारतीखालची जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर आहे. बिल्डरने अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर, करून दिलेलं नाही. पुण्यात अशा संस्था पुष्कळ आहेत. आज राहायला किंवा भाड्याने द्यायला त्याने काही अडत नाही. अडेल ते पुनर्विकासाच्या वेळी, आणि वीस वर्षांसाठी पैसे गुंतवणाऱ्याने तेवढं लांब बघायलाच हवं. मोफा, म्हणजे राज्याच्या फ्लॅट मालकी कायद्याच्या, कलम ११ मध्ये यावर मानीव अभिहस्तांतरणाची वाट आहे, बिल्डरने सही केली नाही तरी. सरांनी वार्षिक सभेत विषय काढला, आणि आता ते समितीवरच आहेत. सभासदांचे करार, सूची दोन, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र गोळा करून अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे दाखल झालाय. पुढची तारीख लागलेली आहे. मालमत्ता पत्रिकेवर, म्हणजे शहरातल्या जमिनीच्या मालकीच्या उताऱ्यावर, संस्थेचं नाव लागलं की त्याचा उतारा आणून द्या, त्याआधी तुमची फाईल मी बंद करणार नाही, असं मी सरांना सांगून ठेवलंय.